डबाबंद मक्यातल्या गोडीवरून थेट राष्ट्राध्यक्षांशी पंगा घेणारा केमिस्ट

साखर सोडायची म्हणून आपण चहा बिनसाखरेचा करतो. पेढे, जिलेबी बंद करतो. मग दुपारी ब्रेडला सॉस लावून खातो, संध्याकाळी फळांच्या चवीचं दही खातो, वर एखादं शुगर फ्री बिस्कीट घेतो आणि आजचा दिवस बिनसाखरेचा गेला असं समजतो.

आता तेच पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचा. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप. नाहीतर नुसता एक आकडा, आयएनएस ९५५. यातलं काही गोड करायला टाकलेलं असतं, काही दाटपणा आणायला. पण साखर टाळणाऱ्याला यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असावा लागतो.

थोडक्यात, गोड टाळायचं असेल तर आधी ते कशाकशात टाकलंय हे कळायला हवं. आज निदान मागे छापलेलं तरी असतं. सव्वाशे वर्षांपूर्वी तेही नसायचं. डब्यावर मध लिहिलेलं असायचं आणि आत मक्याचा पाक निघायचा.

ही लबाडी उघडी पाडण्यात एका माणसानं अख्खी नोकरी घालवली. अमेरिकेत अन्नशुद्धतेचा पहिला देशव्यापी कायदा झाला तो त्याच्या चिकाटीमुळे. गंमत म्हणजे त्याच माणसाचे हातपाय कायद्यानंतर दोनच वर्षांत बांधले गेले आणि त्याला निमित्त ठरला एक गोड पदार्थ. माणसाचं नाव, डॉक्टर हार्वी वायली.

शेतकऱ्याचा पोरगा, पण डोकं प्रयोगशाळेत

वायलींचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ चा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या केंट नावाच्या खेड्याजवळ एका शेतकऱ्याच्या घरात ते जन्मले. कॉलेजात असताना अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू होतं. हा गडी शिक्षण मध्येच थांबवून काही महिने युद्धावर जाऊन आला आणि १८६७ मध्ये पदवीधर झाला. पुढे १८७१ मध्ये डॉक्टरकी पूर्ण केली. पण रोगी तपासण्यात मन रमेना. हार्वर्डला जाऊन रसायनशास्त्र शिकले आणि १८७४ मध्ये नव्यानं सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. तिथल्या सरकारनं अन्न तपासण्यासाठी प्रयोगशाळा उभारली होती. तिथे वायलींच्या हाताला एक यंत्र लागलं, पोलॅरिस्कोप.

हे यंत्र करतं काय? तर एका विशिष्ट प्रकारचा प्रकाश गोड द्रावणातून सोडला की त्याची दिशा थोडी वळते. कोणती शर्करा आहे त्यावर तो डावीकडे वळतो किंवा उजवीकडे. अस्सल मध सहसा प्रकाश डावीकडे वळवतो. मक्यापासून बनवलेला ग्लुकोजचा पाक तो जोरात उजवीकडे वळवतो. जिभेला फसवता येतं, पण या यंत्राला फसवणं अवघड.

मधाच्या बाटलीत मधच नव्हता

वायली परत आले तेव्हा इंडियानाच्या आरोग्य मंडळानं त्यांच्यावर एक काम सोपवलं. बाजारात विकली जाणारी साखर आणि पाक तपासायचे.

त्या काळात मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज बनवण्याचा धंदा जोरात होता. स्टार्चमध्ये पाणी आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून तापवायचं, नंतर खडूच्या भुकटीनं आम्ल मारायचं, गाळायचं आणि आटवायचं. तयार होणारा दाट, बिनरंगी पाक उसाच्या साखरेपेक्षा कितीतरी स्वस्त पडायचा. खाणारा माणूस त्यानं मरत नव्हता. प्रश्न एवढाच होता की तो ग्लुकोज म्हणून विकला जात नव्हता. मधात, मेपलच्या पाकात, काकवीत मिसळून तो त्यांच्याच नावानं आणि त्यांच्याच भावानं खपवला जायचा.

वायलींनी हे १८८१ मध्ये छापून आणलं. यात एक फजितीही झाली. एका मासिकातल्या लेखात त्यांनी असं लिहिलं की आता तर पॅराफिन मेणाची पोळी यंत्रावर तयार करून त्यात ग्लुकोज भरतात, म्हणजे मधमाशीची गरजच उरली नाही. ही थट्टा होती, असं वायलींनी पुढे सांगितलं. पण लोकांना ती खरी वाटली आणि प्रामाणिक मधपाळांचाही माल संशयात सापडला. मधपाळ इतके भडकले की त्यांनी या प्रकाराला वायलींचं खोटं असंच नाव ठेवलं आणि पुढे कित्येक वर्षं ते उगाळलं. भेसळीविरुद्ध बोलताना आपलं वाक्य आधी शुद्ध असावं लागतं, हा धडा त्यांना इथेच मिळाला. तो त्यांनी पुरता घेतला का, हे पुढे कळेलच.

सायकलवाला प्राध्यापक दिल्लीत नाही, वॉशिंग्टनला गेला

पर्ड्यूमध्ये वायलींचं वागणं जुन्या विश्वस्तांना खटकायचं. हा प्राध्यापक पोरांबरोबर बेसबॉल खेळतो, लग्न करत नाही आणि भल्यामोठ्या पुढच्या चाकाची सायकल घेऊन गावभर फिरतो. त्या सायकलवरून विश्वस्तांनी त्यांना बोलावून चारचौघांत सुनावलं होतं. वायलींनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला, पण तो काही स्वीकारला गेला नाही. पुढे विद्यापीठाच्या अध्यक्षपदासाठी मात्र त्यांना डावललं गेलं.

१८८३ मध्ये त्यांना अमेरिकेच्या कृषी खात्यात मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणून बोलावणं आलं. काम काय, तर देशाला लागणारी साखर देशातच कशी बनवता येईल ते शोधायचं. ऊस, गोड ज्वारी, शुगर बीट या सगळ्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. वायली साखरेचे शत्रू नव्हते. उलट साखर हे चांगलं, ताकद देणारं अन्न आहे असंच ते मानायचे. त्या काळचं ज्ञान तेवढंच होतं. त्यांचं भांडण गोडाशी नव्हतंच. गोड लपवण्याशी होतं.

बारा पोरं आणि टाकणखाराचं जेवण

सरकारी नोकरीत असतानाच वायलींनी बाजारातल्या अन्नाची तपासणी सुरू केली. १८८७ पासून त्यांचे अहवाल एकामागून एक यायला लागले. दूध, लोणी, मसाले असं करत करत १८९२ मध्ये साखर, पाक, मिठाई आणि मधावरचा अहवाल आला. अहवाल यायचे, संसदेत विधेयकं मांडली जायची आणि ती पडायची. दोन-चार नाही, शंभरावर विधेयकं अशी वाया गेली. खाद्यउद्योगाचे पैसे आणि संसदेतली माणसं, दोन्ही भक्कम होते.

मग १९०२ मध्ये वायलींनी वेगळाच डाव टाकला. संसदेकडून ५,००० डॉलर मिळवले आणि कृषी खात्यातल्या बारा धडधाकट तरुणांना जेवायला बोलावलं. प्रयोगशाळेच्या इमारतीच्या तळघरात स्वयंपाकघर थाटलं. जेवण ताजं, उत्तम आणि फुकट. अट एकच. त्या जेवणात, डबाबंद पदार्थ टिकवायला त्या काळी वापरली जाणारी रसायनं घातलेली असणार आणि काही झालं तर सरकारवर दावा करायचा नाही.

पहिला नंबर लागला टाकणखाराचा. आधी तो लोण्यात लपवला. पोरांना कळलं, त्यांनी लोणी खायचं सोडलं. मग दुधात, मग मांसात, मग कॉफीत. दर वेळी पोरं ओळखायची आणि तेवढंच बाजूला ठेवायची. शेवटी वायलींनी लपवाछपवी थांबवली आणि सरळ कॅप्सूलमध्ये भरून दिला. त्यानंतर सॅलिसिलिक आम्ल, सल्फरची संयुगं, बेंझोइक आम्ल, फॉर्माल्डिहाइड असं एकेक आलं. जेवणाआधी वजन, नाडी, ताप बघायचे. मलमूत्र गोळा करून तपासायचे. पोरं आजारी पडायची, भूक मरायची, पोटात दुखायचं, तेव्हा तो प्रयोग थांबवायचा.

आजच्या नियमांत हा प्रयोग बसणारच नाही. शिवाय ज्यांना रसायन दिलंच नाही असा वेगळा तुलना-गटही त्यात नव्हता. पण वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. या बारा जणांना पॉयझन स्क्वॉड असं नाव पडलं, त्यांच्यावर गाणी झाली. डब्यात काय असतं हा विषय पहिल्यांदा घराघरांत पोहोचला. महिला मंडळांनी पत्रांचा पाऊस पाडला. फेब्रुवारी १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची द जंगल ही कादंबरी आली आणि शिकागोच्या मांस कारखान्यांतली घाण वाचून देश हादरला.

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी अन्न आणि औषध शुद्धतेच्या कायद्यावर सही केली. लोक त्याला वायली कायदाच म्हणायचे. या कायद्यानं डब्यातली प्रत्येक वस्तू छापायची सक्ती केली नव्हती. पण आत एक आणि बाहेर भलतंच असं लिहिणं तेव्हापासून गुन्हा ठरलं.

आणि मग तो मक्याचा डबा

आता गोष्ट जानेवारी १९०८ ची. व्हाइट हाऊसमध्ये बैठक भरली होती. एका बाजूला खाद्य कंपन्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला कृषिमंत्री आणि वायली, मध्ये रूझवेल्ट. पुढचा प्रसंग आपल्याला कळतो तो वायलींनी नंतर लिहून ठेवलेल्या हकिकतीतून.

विषय निघाला केचपमध्ये घालतात त्या सोडियम बेंझोएटचा. रूझवेल्ट यांनी वायलींना विचारलं, हे शरीराला वाईट आहे का? वायलींनी ठामपणे हो म्हटलं. रूझवेल्ट यांनी टेबलावर मूठ आपटली आणि कंपन्यांना सांगून टाकलं की मग हे चालणार नाही. वायली जिंकलेच होते. तिथे गप्प बसले असते तर इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

पण त्याच बैठकीत न्यूयॉर्कचे खासदार जेम्स शर्मन होते. पुढच्याच वर्षी ते देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या घरचा डबाबंद पदार्थांचा धंदा होता. त्यांनी सॅकरीनचा मुद्दा काढला. मक्याच्या डब्यात साखरेऐवजी सॅकरीन घातल्यानं आपल्या कंपनीचे वर्षाला ४,००० डॉलर वाचले, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

सॅकरीन म्हणजे काय, तर डांबरातून निघणाऱ्या रसायनापासून बनवलेला, साखरेच्या शेकडो पट गोड असलेला पदार्थ. १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, प्राध्यापक आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना तो सापडला होता.

शर्मन यांचं बोलणं ऐकून वायलींना राहवलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी विचारलेलं नसताना ते मध्येच बोलले. तो मका खाणाऱ्या प्रत्येकाची फसवणूक झाली आहे, त्याला वाटतं आपण साखर खातोय, प्रत्यक्षात तो डांबरापासून बनवलेला, अन्न म्हणून शून्य किमतीचा आणि तब्येतीला घातक पदार्थ खातोय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

रूझवेल्ट यांचा चेहराच बदलला. कारण सॅकरीन त्यांना त्यांचे स्वतःचे डॉक्टर रोज देत होते. सॅकरीन घातक म्हणणारा माणूस मूर्ख असला पाहिजे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. बैठक तिथेच संपली.

थोड्याच काळात रूझवेल्ट यांनी शास्त्रज्ञांचं एक सल्लागार मंडळ नेमलं. अन्नातलं एखादं रसायन घातक आहे का, हे आता वायली नाही, तर हे मंडळ सांगणार होतं. आणि अध्यक्ष कोण? तेच आयरा रेमसन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरीन जन्माला आलं होतं.

चूक कुठे झाली?

थोडं थांबून बघू. वायलींच्या वाक्याला दोन भाग होते. पहिला, खाणाऱ्याची फसवणूक होते. दुसरा, सॅकरीन घातक आहे.

पहिल्या भागाला उत्तरच नव्हतं. डब्यावर सॅकरीनचं नाव नसेल तर ती फसवणूकच. पण दुसऱ्या भागाचा भक्कम पुरावा त्यांच्या हातात नव्हता आणि समोरच्यानं नेमका तोच भाग पकडला. पुढे १९७७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांमुळे सॅकरीनवर बंदी घालायची वेळ अमेरिकेत आली, पाकिटांवर इशारा छापला गेला. नंतर असं दिसलं की उंदरांत होणारा तो परिणाम माणसांना तसाच लागू होत नाही. २००० मध्ये सॅकरीनचं नाव कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतून काढलं गेलं आणि इशाराही गेला.

रेमसन मंडळानंही सॅकरीनला मोकळं रान दिलं नाही. थोड्या प्रमाणात ते घातक नाही, पण साखरेच्या जागी वापरल्यानं अन्नाचा कस कमी होतो, असं त्यांचं मत पडलं. त्यावरून १९१२ मध्ये रोजच्या खाण्यात सॅकरीन घालायला मनाई झाली. म्हणजे मक्याच्या डब्यापुरते वायली बरोबर ठरले. फक्त तोवर त्यांचे अधिकार गेले होते.

नाव बदललं, पाक तोच

मक्याचा तो ग्लुकोजचा पाक आठवतोय? वायलींचं म्हणणं होतं की त्याला ग्लुकोजच म्हणा. कंपन्यांना ते नाव नको होतं, कारण इंग्रजीत ते सरसाला म्हणतात त्या ग्लू शब्दाजवळ जातं. त्यांना कॉर्न सिरप हे साधं, शेतातलं वाटणारं नाव हवं होतं. फेब्रुवारी १९०८ मध्ये, त्या बैठकीनंतर काही आठवड्यांतच, तीन मंत्र्यांच्या सहीनं कंपन्यांना हवं ते नाव मंजूर झालं. वायली हरले.

हा खेळ अजून संपलेला नाही. मक्यापासूनच बनणाऱ्या हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरपची बदनामी झाली तेव्हा उत्पादकांनी त्याचं नाव कॉर्न शुगर करा असा अर्ज केला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तो फेटाळला. शंभर वर्षांनी का होईना, एक फेरी वायलींच्या बाजूनं गेली. हे प्रशासन ज्या खात्यातून उभं राहिलं ते वायलींचंच खातं होतं.

शेवटची वर्षं

१९०९ मध्ये वायलींच्या खात्यानं कोका-कोलाची ४० पिंपं आणि २० छोटी पिंपं जप्त करायला लावली. खटला होता कॅफीनवरून. त्यातल्या साखरेवर कुणाचा आक्षेप नव्हता, हे आज वाचताना गंमतीचं वाटतं. १९११ मध्ये एका तज्ज्ञाच्या पगाराच्या मुद्द्यावरून वायलींनाच नोकरीवरून काढायचा प्रयत्न झाला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवलं. पण मन उडालं होतं. मार्च १९१२ मध्ये, २९ वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी राजीनामा दिला.

त्याच्या वर्षभर आधी, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी ॲना केल्टन यांच्याशी लग्न केलं. कित्येक वर्षांपूर्वी याच बाईंनी त्यांना नकार दिला होता. त्यांना दोन मुलं झाली. ॲना स्वतः बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढत होत्या आणि त्यासाठी तुरुंगातही जाऊन आल्या.

नोकरी सोडल्यावर वायली गुड हाउसकीपिंग या मासिकात गेले. तिथे प्रयोगशाळेत पदार्थ तपासायचे आणि घर चालवणाऱ्या बायकांना सांगायचं की हे घ्या, हे घेऊ नका. संसदेत जे जमलं नाही ते स्वयंपाकघरातून सुरू ठेवलं.

३० जून १९३० रोजी, ८५ व्या वर्षी ते वारले. कायद्यावर सही झाली त्याला त्या दिवशी बरोबर २४ वर्षं झाली होती.

आपल्याला यातून काय घ्यायचं?

२०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं भारतातल्या १३ ब्रँडचा मध तपासला. जर्मनीतल्या आधुनिक चाचणीसह सगळ्या चाचण्यांत फक्त तीन ब्रँड उतरले. बाकीच्यांत साखरेचा पाक मिसळल्याचा संस्थेचा दावा होता, कंपन्यांनी तो नाकारला. वायलींचा पोलॅरिस्कोप जाऊन नवं यंत्र आलं, पण भांडण १८८१ चंच आहे.

आपल्या हातात मात्र आज त्यांच्या काळापेक्षा जास्त आहे. भारतात पाकिटावरच्या यादीत जे वजनानं सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी छापावं लागतं. साखर वेगवेगळ्या तीन-चार नावांनी विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं, म्हणून नावं मोजा. पोषणाच्या तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर वेगळी बघा. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चमचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला सहा चमच्यांच्या, म्हणजे २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम. फळांचा रस आणि मध यांतली साखरही त्यांनी यातच धरली आहे.

शुगर फ्री लिहिलं असेल तर आकडे बघा. ९५० म्हणजे एसेसल्फेम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज. वजन आटोक्यात ठेवायला हे पदार्थ वापरू नका, असा सल्ला याच संघटनेनं २०२३ मध्ये दिला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी तो सल्ला नव्हता, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आणि फॅमिली ग्रुपवर अमुक गोड पदार्थ विष आहे असा मेसेज पुढे ढकलण्याआधी वायलींची ती बैठक आठवा. आत काय आहे ते छापा, ही मागणी कुणालाच खोडता आली नसती. विषाचा पुरावा हातात नव्हता आणि गाडी तिथेच घसरली.